उजेडाच्या वाटेत कोण उभं आहे?



दिल्लीत आमच्या घरी एका दुपारी मी चारच्या सुमाराला झोपेतून उठलो, तर बायको घरात नव्हती. फोन टेबलावर, चपला दाराशी. मुलीकडे गेली म्हणावं, तर चपला कशा राहतील? दार उघडून जिन्यात पाहिलं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधे जिना वळतो, तिथे सिमेंटची जाळी आहे. त्या जाळीखाली, शेजाऱ्यांची सायकल आणि पाण्याचे मोठे कॅन यांच्या मधे, चटई टाकून ही बसली होती. मांडीवर गोधडी, हातात सुई.

मी म्हटलं, "अगं, इथे काय करतेस?"

ती म्हणाली, "इथे सुईत दोरा ओवता येतो."

दोन महिने ती रोज दुपारी तिथे बसत होती. मी ३१ वर्षं सैन्यात होतो. समोरच्या टेकडीवरचा एखादा दगड काल होता तिथे नसला, तर ते माझ्या लक्षात यायचं. आणि माझी बायको रोज दुपारी घराबाहेर बसते, हे मला दोन महिने कळलं नव्हतं.

आज मला घराच्या सजावटीबद्दल बोलायला बोलावलंय. मी काही इंटिरियर डिझायनर नाही. लहान, अंधाऱ्या घरात आम्ही दोघांनी काय काय केलं, त्यातलं काय चुकलं आणि काय जमलं, तेवढंच सांगतो.

आधी घर कसं आहे ते सांगतो. दिल्लीत त्याला 'बिल्डर फ्लोअर' म्हणतात. आमचा प्लॉट ६० गजांचा. एक गज म्हणजे ९ चौरस फूट, म्हणजे सगळं मिळून ५४० चौरस फूट, आणि जिना त्यातच. एका मजल्यावर एक कुटुंब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. पुढे १२ फुटांची गल्ली, आणि गल्लीवर दोन्हीकडून बाल्कन्या पुढे आलेल्या. मागे शाफ्ट, म्हणजे पाइपांची विहीरच. मधे स्वयंपाकघर आणि जेवायची जागा. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

हे काही दिल्लीपुरतं नाही. पुण्यातले जुने वाडेही एकमेकांना खेटूनच उभे असायचे. पण त्या वाड्यांच्या मधोमध चौक होता आणि चौकाच्या डोक्यावर आभाळ होतं. माजघर अंधारं असलं, तरी दोन पावलांवर उजेड असायचा. आमच्या घरात त्या चौकाचा आकसून शाफ्ट झालाय.

मग असं घर घेतलंच का? कारण मुलगी तिथून चालत सात मिनिटांवर राहते. ३१ वर्षांत आम्ही १७ घरं बदलली. त्यातली काही वर्षं मी एकीकडे आणि ही मुलीला घेऊन दुसरीकडे. निवृत्तीनंतर हिने एकच गोष्ट मागितली होती, "आता लेकीच्या जवळ राहू." आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा दुपारचे १२ वाजले होते आणि दाखवणाऱ्याने सगळे दिवे आधीच लावून ठेवले होते. सैन्यात आम्ही एखादी जागा दिवसा पाहायचो, रात्री पाहायचो, वेगवेगळ्या दिशांनी पाहायचो. स्वतःचं घर मात्र वीस मिनिटांत पाहून बयाणा दिला. तुम्ही घर बघायला जाल, तेव्हा पहिल्यांदा सगळे दिवे बंद करायला सांगा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा.

जिन्यातली ती दुपार झाली आणि मी कामाला लागलो. माझ्या पद्धतीने, म्हणजे कोणाला न विचारता. दुसऱ्याच दिवशी २० वॉटच्या चार एलईडी ट्यूबा आणल्या, सगळ्यात पांढऱ्या उजेडाच्या, आणि छताला बसवून घेतल्या. संध्याकाळी बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, क्वार्टर गार्ड वाटतंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्वार्टर गार्ड म्हणजे पलटणीची पहाऱ्याची जागा. तिथे हत्यारं असतात आणि कोठडीही तिथेच असते.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत जिन्यात. ट्यूब डोक्याच्या मागे, त्यामुळे हाताची सावली नेमकी सुईवर पडायची. तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसलो, तिच्या शेजारी, त्या चटईवर. उजेड एका बाजूने येत होता, मऊ होता, गोधडीवरचा प्रत्येक टाका दिसत होता. मी म्हटलं, "मला चार दिवस दे."

त्या चार दिवसांत मी काहीही विकत आणलं नाही. वही घेतली, घराचा नकाशा काढला. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सगळे दिवे बंद. मग खुर्ची घेऊन प्रत्येक दोन फुटांवर बसायचं आणि एकच गोष्ट पाहायची, की इथून आभाळ दिसतं का. बोटभर पट्टी दिसली तरी चालेल. हे बसूनच पाहायचं, कारण घरात आपण बहुतेक वेळ बसलेले असतो.

ही परीक्षा अगदी साधी आहे, पण तिच्यात सगळं आलं. जिथून आभाळ दिसतं, तिथे उजेड सरळ पोहोचतो. जिथून दिसत नाही, तिथे फक्त भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून आलेला उजेड पोहोचतो. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपासून साडेचार फुटांपर्यंत आभाळाची चिंचोळी पट्टी दिसत होती. त्यापुढे संपूर्ण घरात कुठेच नाही.

आता त्या साडेचार फुटांत कोण राहत होतं? तिथे होता माझा शोकेस. सागवानी, सहा फूट उंच, त्यात पलटणीच्या ढाली, खुकऱ्या, निरोपाच्या वेळी मिळालेल्या भेटी. खिडकीला तीन झडपा, त्यातली एक त्याने पूर्ण झाकली होती. उरलेल्या दोन झडपांखाली माझ्या काळ्या ट्रंका, एकीवर एक. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव, हुद्दा आणि नंबर. वर गादी टाकून दिवाण केलेला आणि मागे तक्के, ते खिडकीच्या निम्म्यापर्यंत. थोडक्यात, या घरात जो काही उजेड येऊ शकत होता, त्याच्या वाटेत मी स्वतः उभा होतो. नाव आणि नंबर लिहून.

मी हिला विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमचं सगळं आयुष्य आहे त्यात. ते हलवा म्हणून मी कसं सांगू?"

मंडळी, हे ऐकून मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. १७ घरं तिने लावली आणि १७ वेळा आवरली. माझ्या ढालींना प्रत्येक घरात जागा मिळाली. हिच्या शिवणाला जिना मिळाला.

त्यानंतर जे केलं, ते सगळं दोघांनी मिळून ठरवलं. क्रमाने सांगतो. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पहिली गोष्ट, खिडकी मोकळी केली. शोकेस काढला. ढालींपैकी चार ठेवल्या, दारावरच्या अरुंद फळीवर. बाकीच्या कापडात गुंडाळून एका ट्रंकेत, आणि ती ट्रंक पलंगाखाली. एकूण सहा ट्रंका होत्या. त्यातली एक उघडली, तर जुन्या सुती साड्या, माझे फाटलेले शर्ट, मुलीचे लहानपणचे फ्रॉक. हिने गोधडीसाठी जपून ठेवलेले कपडे, तीन बदल्यांपूर्वी बांधलेले. आपल्याकडे काय आहे तेच आम्ही विसरलो होतो. शेवटी दोन ट्रंका राहिल्या, चार देऊन टाकल्या.

दुसरी गोष्ट, डासांची जाळी धुतली. हसू नका. दिल्लीची धूळ जाळीच्या प्रत्येक छिद्रात बसते आणि ती इतकी हळूहळू बसते की आपल्याला कळत नाही. काचा पुसतो, जाळी कोणी धूत नाही. धुतलेली झडप आणि न धुतलेली झडप शेजारी ठेवून पाहा, मग माझ्यावर विश्वास ठेवा.

तिसरी गोष्ट, गालिचा गुंडाळला. गडद लाल, फार आवडता. पण खिडकीतून येणारा उजेड वरून खाली येतो, तो आधी फरशीवर पडतो आणि तिथून उसळून छताकडे जातो. खिडकीजवळची फरशी म्हणजे एक प्रकारचा आरसाच. त्यावर गडद गालिचा टाकला की तो उजेड तिथेच गिळला जातो. गालिचा आता पलंगाशी आहे आणि खिडकीपाशी फिकी फरशी उघडी.

आता खर्चाच्या गोष्टी. चौथी, रंग. चांगला पांढरा रंग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकतो. गडद तपकिरी किंवा गडद निळा १० टक्क्यांच्या आसपास. म्हणून छत शुद्ध पांढरं, चकाकी नसलेलं. भिंती किंचित पिवळसर पांढऱ्या, आणि दारांच्या चौकटींनाही तोच रंग, म्हणजे नजर जागोजागी अडत नाही. आणखी एक जागा लोक विसरतात. बाल्कनीच्या कठड्याची आतली बाजू आणि डोक्यावरच्या बाल्कनीचा तळ. दोन्ही पांढरे केले. गल्लीतून वर येणारा उजेड त्या तळावर आपटून आमच्या खोलीत येऊ लागला.

हे मी आधीच शिकायला हवं होतं. उंचावरच्या एका चौकीत आमच्या बंकरचं छत रॉकेलच्या बुखारीच्या काजळीने काळं झालं होतं. कंदील लावला तरी समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही. जवानांनी आतून फिकट रंगाचं पॅराशूटचं कापड ताणून लावलं. कंदील तोच, रॉकेल तेवढंच, आणि पत्र वाचता येऊ लागलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी स्वतःच्या घरात मला आठवलं नाही.

पण पांढऱ्या रंगाचीही एक मर्यादा आहे आणि ती आम्हाला चूक करून कळली. मागची झोपायची खोली शाफ्टवर उघडते. तीही पांढरी केली, तर ती राखाडी दिसायला लागली, ओल आल्यासारखी. पांढऱ्या रंगाला परत फेकायला आधी थोडा उजेड तर मिळाला पाहिजे. तिथे नसलेला उजेड रंग आणणार कुठून? मग ती खोली फिक्या केशरी छटेत रंगवली, दिवे पिवळसर लावले, आणि ठरवलं की ही खोली झोपेची. तिच्याकडून उजेडाची अपेक्षा नाही. आठ तास डोळे मिटून पडायला अंधारासारखी चांगली सोय नाही.

पाचवी गोष्ट, उधारीचा उजेड. पुढची खोली आणि मधली जेवायची जागा यांच्यामध्ये भरीव लाकडी दार होतं. त्याच्या जागी वरच्या दोन तृतीयांश भागात दुधी काच असलेलं दार केलं आणि दारावरच्या बंद फळीच्या जागीही काच. भिंत फोडली नाही. अशा इमारतीत कुठली भिंत भार घेते हे जाणकाराला विचारल्याशिवाय हातोडा उचलू नका. काचेमुळे मधल्या भागात पुस्तक वाचण्याइतका उजेड आला नाही. पण दुपारी तिथून जाताना दिवा लावावा लागत नाही, आणि जेवताना पलीकडे दिवस आहे हे कळतं.

सहावी गोष्ट, आरसा. जयपूरला असताना आमेरच्या किल्ल्यातला शीशमहाल पाहिला होता. मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातला, पुरंदरच्या तहामुळे आपल्याला माहीत असलेले तेच. एका ज्योतीचे शेकडो तारे होतात तिथे. म्हणून मी उत्साहाने मोठा आरसा खिडकीच्या बरोबर समोर लावला. त्यात काय दिसलं? समोरच्यांच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे. आमची गल्ली दुप्पट झाली. आरसा उजेड तयार करत नाही, समोर असेल ते परत दाखवतो. मग तो खिडकीला लागून असलेल्या आडव्या भिंतीवर, खिडकीपासून दीड फुटावर लावला. आता तिरपा उजेड त्यावरून आत येतो आणि १० फुटांची खोली रुंद वाटते. आरसा आधी हातात धरून खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारा, "काय दिसतंय?" खिळा नंतर ठोका.

सातवी गोष्ट, रात्रीचे दिवे. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावला की कोपरे काळे राहतात, आणि जिथे उजेड संपतो तिथे खोली संपली असं डोळ्यांना वाटतं. त्यामुळे खोली आहे त्याहून लहान होते. आम्ही चारपैकी तीन ट्यूबा काढल्या. त्याऐवजी छोटे दिवे लावले, भिंतीकडे आणि कोपऱ्याकडे तोंड केलेले. दिवा घेताना खोक्यावर वॉटच्या शेजारी ल्युमेन पाहा, तो खरा उजेड. ९ वॉटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. आणि केल्विन पाहा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळी बसायला. ४००० म्हणजे मधला, आम्ही स्वयंपाकघरात लावला. ६५०० म्हणजे माझा क्वार्टर गार्ड. ओट्यावर वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली, कारण छतावरच्या दिव्यात चिरताना आपलीच सावली विळीवर पडते.

इथे माझ्या वयाच्या श्रोत्यांना एक सांगतो. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. त्यामुळे मुलं म्हणतात, "बाबा, दिसतंय की सगळं." त्यांना दिसत असतं. तुम्हाला दिसत नाही, हे त्यांना सांगा. आणि रात्री संडासाच्या वाटेवर, गुडघ्याच्या खाली, माणूस आला की आपोआप लागणारा छोटा दिवा बसवा. आमच्या सगळ्या खर्चात तोच सर्वांत स्वस्त होता.

आठवी आणि शेवटची गोष्ट, नजरेची वाट. आम्ही मोर्चा बांधताना नजर कुठे अडते ते पाहायचो. घरातही तेच पाहा. दार उघडल्यावर नजर सरळ खिडकीपर्यंत गेली पाहिजे. दाराजवळ उंच काही नको. उंच कपाट दाराच्याच भिंतीला लावा, म्हणजे आत येताना ते पाठीशी राहतं. सोफा, पलंग पायांवर उभे असू द्या. खालून फरशी भिंतीपर्यंत दिसली की खोली मोठी वाटते. ५४० चौरस फुटांचे ५४१ होत नाहीत. पण दारातून खिडकीबाहेरचं आभाळ दिसलं, तर तेवढं आभाळही घरातच धरता येतं.

एकूण खर्च ३८ हजार. रंगाला २२, दार-काचेला ७, दिव्यांना ५, आरशाला ४. शोकेस विकून जे आले, ते यात धरले नाहीत, त्यांचं हिला शिलाई मशीन घेतलं.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात मधली जागा अजून काळोखी असते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर खिडकीपाशीही दिवा लागतो. सात मिनिटांवर लेक आहे म्हणून आम्ही ते चालवून घेतो.

पण त्या साडेचार फुटांत आता काय आहे ते सांगतो. एक कमी उंचीची खुर्ची, खिडकीला काटकोनात, म्हणजे उजेड डावीकडून येतो आणि उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. शेजारी मशीन. ती जागा हिची आहे. दुपारी मी तिथे वर्तमानपत्र घेऊन बसलो, तर मला उठवलं जातं. ट्रंकेतल्या कपड्यांची गोधडी गेल्या दिवाळीत पुरी झाली. त्यात माझ्या जुन्या वर्दीच्या शर्टाचा एक तुकडा आहे, नातवाच्या पायाशी येईल असा.

तर एकच विनंती. बाजारात जाण्याआधी उद्या सकाळी घरातले सगळे दिवे बंद करा. खुर्ची घेऊन बसा आणि आभाळ कुठून दिसतं ते शोधा. मग पाहा, त्या जागी काय ठेवलंय. आणि घरातल्या माणसांना विचारा, दुपारी तुम्ही कुठे बसता? उत्तर जिन्यातून येण्याची वाट पाहू नका.

जय हिंद.